लढाई त्यांची, भाववाढ आमची!



जगात कुठेतरी तोफ उडाली, तर तिचा आवाज आम्हाला ऐकू येत नाही. साच्यांच्या खडखडाटात शेजारचा माणूस काय बोलतो ते कळत नाही, तिथे परमुलखातली तोफ कुठली ऐकू यायला! पण तिचा गोळा मात्र नेमका आमच्या चुलीपाशी येऊन पडतो. 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. थोड्याच दिवसांत सूर्यफुलाच्या तेलाची पिशवी महागली. आपल्या देशात येणारे सूर्यफुलाचे बहुतेक तेल त्या दोन देशांतूनच येत होते. एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली. ती बंदी मे महिन्यात उठली, पण तेवढ्या अवधीत साठेवाल्यांनी आपले उखळ पांढरे करून घेतले. त्याच मे महिन्यात मुंबईत घरगुती गॅसच्या टाकीने हजार रुपये ओलांडले, आणि मार्च 2023 मध्ये ती 1,102 रुपये 50 पैशांवर गेली.

आम्ही ना रशियाची बाजू घेऊन लढलो ना युक्रेनची. पण लढाईचा खंडणीवसूल्या आमच्या दारात हजर! आणि त्याला पावती मागायची सोय नाही.

काही शहाणी माणसे आम्हाला सांगतात, "तुम्ही गिरणीकामगार. तुम्ही पगार-बोनसाचं बोला, परदेशचं राजकारण तुम्हाला काय कळतंय?" त्यांना आमचा रोकडा जवाब असा आहे. पगारपत्रकावर 'महागाई भत्ता' म्हणून जो रकाना असतो, तो कुठून आला? तो लढाईतून आला. सप्टेंबर 1939 मध्ये दुसरे महायुद्ध पेटले. इंग्रजाने हिंदुस्थानाला न विचारता त्यात ओढले. महिना झाला नाही तोच, 2 ऑक्टोबर 1939 रोजी, मुंबईच्या सुमारे 90 हजार कामगारांनी त्या लढाईच्या विरोधात एक दिवस काम बंद ठेवले. भाव चढत गेले, पगार तिथेच राहिला. मग मार्च 1940 मध्ये गिरणगावाने सार्वत्रिक संप केला, दीड लाखाहून जास्त गिरणीकामगार रस्त्यावर उतरले. मागणी एकच होती, ती महागाई भत्त्याची. कुणा शेटजीने दिवाळीची बक्षिशी म्हणून दिलेली ही रक्कम नव्हे. लढाईने ताटातली भाकरी पळवली, ती परत मागताना आमच्या आजा-पणज्यांनी उपास काढले. तेव्हा परदेशचे राजकारण आम्हाला कळते की नाही, हे आम्हाला विचारू नका.

आज मुंबईतले भोंगे गप्प आहेत. 1982 च्या संपानंतर गिरण्यांच्या जागी काचेचे बंगले उभे राहिले, हे नव्याने सांगायला नको. पण साचे बंद पडलेले नाहीत. ते भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत, सोलापुरात चालतात, सूतगिरण्या गावोगाव चालतात. तिथे आमचाच माणूस उभा आहे. आणि त्याच्या पगारात महागाईचा हिशेब कसा होतो, हे नीट समजून घ्या. जरा किचकट आहे, पण सोडू नका. चोरी नेहमी किचकट जागीच लपते.

भत्ता ठरतो तो औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर. केंद्राचा लेबर ब्युरो तो दर महिन्याला काढतो. सप्टेंबर 2020 पासून त्याचे आधारवर्ष 2001 बदलून 2016 करण्यात आले. आधारवर्ष बदलले त्याला आमची हरकत नाही, पंधरा-वीस वर्षांत माणसाचे खर्च बदलतात. पण तराजूतली वजने काय झाली ते पाहा. पूर्वी शंभरात 46.20 वजन खाण्यापिण्याचे होते, ते 39.17 वर आले. इंधन आणि दिवाबत्तीचे 6.43 होते, ते 5.50 झाले. म्हणजे धान्य, तेल, भाजी सगळे दहा टक्क्यांनी महागले, तर पूर्वी निर्देशांक साडेचारच्या वर चढला असता, आता तो चारही चढत नाही. हिशेबनीस म्हणतात, "आम्ही घरोघर पाहणी केली, लोक आता शाळा, दवाखाना, घरभाडे, मोबाइल यांवर जास्त खर्च करतात." करत असतील. पक्क्या नोकरीवाल्या कामगाराचे घर आणि बदलीवाल्याचे घर एका टोपलीत घातले की सरासरी अशीच निघते. ज्याच्या घरी महिन्याला बारा-तेरा हजार येतात, त्याच्या घरी अर्ध्यावर पैसा वाण्याकडेच जातो, हे कळायला पाहणी कशाला? आणि लढाई पेटते तेव्हा पहिल्यांदा काय चढते? मोबाइल नव्हे. धान्य, तेल आणि सरपण! ज्या दोन गोष्टींना लढाईची झळ पहिली लागते, नेमकी त्याच दोन गोष्टींची वजने हलकी झालेली.

त्यात उशिराची गोम आहे. राज्यात किमान वेतनावरचा विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, जानेवारीत आणि जुलैत. फेब्रुवारीत लढाई, मार्चमध्ये भाववाढ आणि भत्ता हलणार जुलैत! मधले चार महिने आमची बाई वाण्याच्या वहीवर काढते. आणि यंत्रमागावर जिथे मीटरवर मजुरी आहे, तिथे कसला भत्ता आणि कसला जुलै! तिथे मालकाच्या मनाला पाझर फुटेल तो दिवस जुलैचा.

आता गावाकडे या. आमच्यापैकी पुष्कळांची घरे गणपतीपुळे, मालगुंड, नेवरे, वरवडे, जयगड या पट्ट्यात आहेत. शिमग्याला आणि गणपतीला आम्ही चाकरमानी येतो, चार दिवस राहतो, आणि परत पाळीवर जातो. पुळ्याचा गणपती पश्चिमेकडे तोंड करून बसला आहे. लोक त्याला पश्चिमद्वारदेवता म्हणतात. त्याच्या नाकासमोर सरळ समुद्र ओलांडत गेले, तर पलीकडे ओमानचा किनारा लागतो. त्याच किनाऱ्याने वर उत्तरेला गेले की येते होर्मुझची सामुद्रधुनी. ही खिंड सगळ्यात अरुंद जागी उणीपुरी तेहतीस किलोमीटर आहे. पण जगाला लागणाऱ्या तेलाच्या पाचव्या हिश्श्याइतके तेल या खिंडीतून बाहेर पडत आले आहे, आणि आपल्या देशात परदेशातून येणारा चुलीचा गॅस तर बहुतेक सगळा याच दाराने येत आला. आपण वापरतो त्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त परदेशचा. जून 2025 मध्ये इस्रायल आणि इराण यांच्यात बारा दिवस बॉम्बफेक चालली, तेव्हा खिंड बंद होणार की काय, या नुसत्या भीतीनेच तेलाचा बाजार उसळला. पुळ्याच्या देवळासमोर उभे राहिलेल्या माणसाला हा समुद्र शांत दिसतो. पण तो आमच्या चुलीचा रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर दुसऱ्यांची लढाऊ जहाजे उभी असतात.

पुळ्यातल्या घरगुती खानावळी बघा. यात्रेकरू येतो, त्याला गरम भात-आमटी पाहिजे, उकडीचे मोदक पाहिजेत. खानावळवालीला 19 किलोची व्यापारी टाकी घ्यावी लागते. मे 2022 मध्ये ती मुंबईच्या दराने 2,300 रुपयांच्या पुढे गेली होती. ताटाचा भाव वाढवावा तर गिऱ्हाईक पुढच्या दारी जाते, न वाढवावा तर स्वतःचे हात भाजतात. वरवड्याच्या, जयगडच्या, मिरकरवाड्याच्या मच्छीमाराचे तसेच. होडीचा निम्माअधिक खर्च डिझेलवर. मार्च 2022 मध्ये घाऊक गिऱ्हाइकांचे डिझेल लिटरमागे सुमारे 25 रुपयांनी एका झटक्यात वाढवले. घाऊक गिऱ्हाईक कोण? मोठे कारखाने, मॉल आणि, घ्या, मच्छीमारांच्या सहकारी सोसायट्या! बांगडा महागला म्हणून मुंबईत कामगार मच्छीवालीशी भांडतो. तिच्याशी कशाला भांडता? ती तुमच्याच पंगतीत बसलेली आहे.

पुळ्याच्या उत्तरेला जयगडला 1,200 मेगावॅटचे वीज केंद्र आहे. ते 2010-11 च्या सुमारास सुरू झाले आणि परदेशातून जहाजाने आणलेल्या कोळशावर चालवायचे म्हणूनच उभे केले. कोकणाच्या समुद्रात कोळसा सापडत नाही, तो परमुलखातून येतो. 2022 मध्ये कोळशाचा भाव भडकला. आयात कोळशावरची केंद्रे मागे सरू लागली, तेव्हा मे 2022 मध्ये केंद्र सरकारने वीज कायद्याच्या कलम 11 खाली देशातल्या अशा सगळ्या केंद्रांना हुकूम दिला की पूर्ण ताकदीने चालवा, वाढीव खर्चाची भरपाई मिळेल. वीज चालू राहिली ते बरेच झाले, अंधारात साचे चालत नाहीत. पण भरपाई कोणी भरायची? तुमच्या विजेच्या बिलावर एक ओळ असते, 'इंधन समायोजन आकार'. ती ओळ कधी वाचली आहे का? वाचत चला. दूरदेशची लढाई मराठीत वाचायची असेल तर ती त्या ओळीत छापलेली असते.

आणि जयगडची खाडी ओलांडली की गुहागर तालुका, म्हणजे एन्रॉनचा मुलूख. ही कहाणी तरुण कामगारांना ठाऊक नाही, म्हणून सांगतो. जून 1992 मध्ये अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशी बोलणी सुरू झाली. डिसेंबर 1993 मध्ये वीज मंडळाने करारावर सही केली. 1995 मध्ये नव्या सरकारने अरबी समुद्रात बुडवतो म्हणून तो करार रद्द केला, आणि 1996 च्या सुरुवातीला पहिल्याहून मोठा करून परत उचलला! दोन टप्पे मिळून 2,184 मेगावॅट. पहिला टप्पा नाफ्त्यावर, पुढे सगळे आखातातून जहाजाने आणलेल्या द्रवरूप वायूवर. करारातली मेख अशी होती. मंडळाने वीज घेतली काय न घेतली काय, ठरलेला आकार भरायचाच. इंधन महागले तर ते मंडळाच्या माथी. रुपया डॉलरपुढे घसरला तर तेही मंडळाच्या माथी. कंपनीच्या माथी काय? काही नाही, तिच्या डोक्यावर हमीची छत्री, राज्य सरकारची आणि वर केंद्राचीही.

मे 1999 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. तेलाचे भाव चढले, रुपया घसरला, आणि 2000 सालानंतर काही महिने त्या विजेचा दर युनिटला सात रुपयांच्या पुढे गेला. त्या काळातले सात रुपये! मे 2001 मध्ये मंडळाने हात वर केले आणि वीज घेणे थांबवले. डिसेंबर 2001 मध्ये अमेरिकेत एन्रॉन कंपनीचेच दिवाळे वाजले. मग 2005 मध्ये सरकारी कंपन्या आणि बँकांनी नवी कंपनी काढून तो सांगाडा गळ्यात बांधून घेतला. पुढे वायू मिळाला तर केंद्र चालते, नाही मिळाला तर मोठमोठे संच गप्प बसतात, असे कैक वर्षे चालले. या प्रकल्पाला विरोध केला म्हणून 1997 मध्ये वेलदूरच्या कोळणींनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. "विकासाला विरोध करणाऱ्या अडाणी बाया" असे तेव्हा त्यांना म्हणणारी शिकलीसवरली मंडळी होती. हिशेब कोणाचा बरोबर निघाला, लाठी खाणाऱ्या बायांचा की सही करणाऱ्या साहेबांचा?

आम्ही विजेच्या विरुद्ध नाही. विजेवर आमचे पोट आहे. यंत्रमागाच्या गावांत युनिटचा दर चार आण्यांनी वाढला तर मालक पहिली कात्री मजुरीला लावतो. आमचे म्हणणे एवढेच की परदेशी इंधनावर आणि डॉलरच्या करारावर जी वीज बांधलेली आहे, तिचे बटण आपल्या हातात नसते. ते दुसऱ्याच्या लढाईच्या हातात असते.

म्हणून राजापूरच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचा प्रश्न आम्ही याच नजरेने पाहतो. 2017 मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांनी मिळून वर्षाला सहा कोटी टनांचा कारखाना काढायचे ठरवले. 2018 मध्ये सौदी अरेबिया आणि अबूधाबी इथल्या तेल कंपन्यांना भागीदारीत घ्यायचे करार झाले. नाणारच्या लोकांनी झुंज दिली, 2019 मध्ये तिथली जमिनीची अधिसूचना रद्द झाली. 2022 मध्ये बारसूचे नाव पुढे आले. एप्रिल 2023 मध्ये माती तपासायला यंत्रे आली, तेव्हा सड्यावर बाया उन्हात आडव्या झाल्या आणि त्यांच्यावर अश्रुधूर सोडण्यात आला. आम्हाला कोणी म्हणते, "कोकणात कारखाना आला तर तुमच्या पोरांना मुंबई-भिवंडीला जावं लागणार नाही." हा मुद्दा खोटा नाही, आम्ही हसण्यावारी नेत नाही. घर सोडून दहा बाय दहाच्या खोलीत चौघांनी राहायचे म्हणजे काय, हे आमच्यावाचून कोणाला ठाऊक? पण जो प्रश्न एन्रॉनला विचारायला हवा होता तो इथे आधीच विचारा. तेल बाहेरचे, भाव बाहेरचा. मग इथे गाळले म्हणून रत्नागिरीच्या होडीला डिझेल स्वस्त मिळणार आहे का? नोकऱ्या कोणाला, किती, कायम की ठेक्यावर, हे कागदावर लिहून कोण देतो? आंबा आणि मासळी गेली तर जी माणसे आज कोणाची चाकरी न करता जगतात, त्यांना ठेक्याच्या रांगेत उभे करून त्याला रोजगारनिर्मिती म्हणायचे का?

कोणी म्हणेल, भाव जगाचा आहे, सरकार काय करणार? याचे उत्तर गेल्या काही वर्षांच्या आकड्यांतच आहे. 2020 मध्ये टाळेबंदीत जगात तेल मातीमोल झाले. तेव्हा आमच्याकडे काय झाले? मे 2020 मध्ये केंद्राने अबकारी कर एका रात्रीत पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपये चढवला. पुढे 2021 च्या नोव्हेंबरात आणि 2022 च्या मेमध्ये तो उतरवला, नाही असे नाही. पण एप्रिल 2025 मध्ये जगात तेल घसरत असताना त्याच सुमारास अबकारी दोन रुपयांनी आणि गॅसची टाकी 50 रुपयांनी वाढली. म्हणजे जगाचा भाव चढताना जिन्याने धावत आमच्याकडे येतो, आणि उतरताना त्याचे पाय दुखतात!

रशियाचे तेल घ्या. लढाईआधी आपल्या आयातीत ते शंभरात दोनसुद्धा नव्हते. पाश्चात्त्य देशांनी पाठ फिरवली तसे ते सवलतीत मिळू लागले आणि 2023-24 पर्यंत आयातीच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेले. आम्ही याला नावे ठेवत नाही. गरीब देशाने स्वस्त मिळेल तिथून घ्यावे, अमेरिकेने डोळे वटारले म्हणून घाबरू नये. रशियाची स्वारी ही स्वारीच आहे, तिचा निषेध आम्ही करतो. पण निषेधाचा ठेका ज्या देशांनी घेतला आहे त्यांचे हात इराकपासून गाझापर्यंत किती स्वच्छ आहेत तेही जगाने पाहिले आहे. आमचा प्रश्न घरचा आहे. ते स्वस्त तेल गेले कुठे? मुंबईत पेट्रोल जुलै 2022 पासून मार्च 2024 पर्यंत लिटरला 106 रुपये 31 पैशांवर खिळा ठोकल्यासारखे उभे होते. आणि 2023-24 या एका वर्षात तीन सरकारी तेल कंपन्यांचा नफा मिळून सुमारे 81 हजार कोटी रुपये झाला. म्हणतील, आदल्या वर्षी त्यांना तोटा सोसावा लागला होता. बरे, तो वळता करा. उरलेल्यात चुलीचा वाटा किती? निर्यात करणाऱ्या खासगी शुद्धीकरणवाल्यांनी कमावले ते वेगळेच.

आणि शिक्षा कोणाला झाली? ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर पंचवीस टक्के जकात होती, तीवर आणखी पंचवीस चढवली. कारण सांगितले, तुम्ही रशियाचे तेल घेता. 27 ऑगस्टपासून ती पन्नास टक्के झाली. आणि पहिला तडाखा कोणत्या मालाला? कापड, तयार कपडे, टॉवेल, चादरी, कोळंबी. म्हणजे सोलापूरच्या टॉवेलखात्यातला कामगार आणि रत्नागिरीचा कोळंबीवाला! स्वस्त तेलाचा नफा एकाच्या तिजोरीत, आणि त्याच्या दंडाची पावती दुसऱ्याच्या नावावर. तेल पिणाऱ्याला काही झाले नाही, कापड विणणाऱ्याच्या पाळ्या कापल्या जायची वेळ आली.

त्यावर सरकारने औषध काढले ते ऐका. परदेशी कापसावरची 11 टक्के आयात जकात 19 ऑगस्ट 2025 पासून माफ केली. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वर्षअखेरपर्यंत. गिरणीमालकांना कापूस स्वस्त पडावा म्हणून. नेमका त्याच हंगामात विदर्भ-मराठवाड्याचा शेतकरी कापूस वेचून बाजारात येणार होता. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,710 रुपये क्विंटल ठरलेला, पण बाजारच पडला तर हमीभावाच्या केंद्रापर्यंत पोचायला शेतकऱ्याच्या अंगात बळ पाहिजे. हे सगळे म्हणे वस्त्रोद्योगातल्या कामगारांच्या भल्यासाठी! आमच्या नावाने शेतकऱ्याचा खिसा कापू नका. स्वस्त कापसातून वाचलेला पैसा मजुरीत आला असे एक तरी पगारपत्रक दाखवा. कापूस पिकवणारा आमचा भाऊ आहे, निम्म्या गिरणीकामगारांचा तर तो खराखुरा सख्खा भाऊ आहे.

अन्नाचे आता बोलू. सरकार सांगते, देश धान्यात स्वयंपूर्ण आहे. गहू-तांदळापुरते ते खरे आहे, आणि त्याची किंमत जुन्या माणसांना विचारा. 1942 मध्ये जपानने रंगून घेतले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. दुसऱ्या वर्षी बंगालात लाखो माणसे उपाशी मेली आणि मुंबईत रेशनिंग आले. कोकणच्या भातावर वर्ष निघत नाही, ते तेव्हाही निघत नव्हते. स्वातंत्र्यानंतर 1956 मध्ये अमेरिकेशी पीएल-480 चा करार झाला आणि जहाजातून गहू येऊ लागला. 1965-66 च्या अवर्षणात तर एका वर्षात एक कोटी टनांच्या आसपास धान्य बाहेरून आणावे लागले. व्हिएतनामच्या लढाईबद्दल आपल्या देशाने चार शब्द बोलले, तर अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडायला सुरुवात केली. जेवायचे असेल तर गप्प बसा! लालबहादूर शास्त्रींना लोकांना एक वेळ उपास करा असे सांगावे लागले. 1972 च्या दुष्काळात रेशनवर आलेली तांबडी मिलो खाल्लेली माणसे अजून गावोगाव आहेत. त्या साली मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी बायकांची महागाईविरोधी समिती उभी केली. लाटणी घेऊन बायका मंत्र्यांच्या दारात गेल्या. रॉकेल आणि गोडेतेल हेच तेव्हाचे भांडण होते.

धान्य हे हत्यार आहे, हे तेव्हा कळले. ऑगस्ट 2025 मध्ये गाझात दुष्काळ पडल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी जाहीर केले. तो पाऊस न पडून आलेला दुष्काळ नव्हता. धान्याच्या गाड्या वेशीवर उभ्या आणि आत पोरे उपाशी, असा तो माणसांनी पाडलेला दुष्काळ होता.

तर स्वयंपूर्णतेचे नगारे वाजवताना ताटात बाकी काय आहे तेही पाहा. खाद्यतेल निम्म्याहून जास्त बाहेरचे. डाळ लागेल तशी बाहेरची. आणि भात आपला असला तरी त्याचे खत? युरिया वायूपासून होतो. अलिबागजवळ थळला युरियाचा मोठा सरकारी कारखाना आहे, तो वायूवरच चालतो, आणि देशाला पुरेसा वायू इथे निघत नाही. 45 किलोची युरियाची गोण शेतकऱ्याला 266 रुपये 50 पैशांना मिळते ती सरकार मधला फरक भरते म्हणून. 2022-23 मध्ये खतांचे ते अनुदान अडीच लाख कोटींवर गेले. आम्ही त्या अनुदानाच्या बाजूचे आहोत. पण एवढा पैसा लढाईच्या भावाने परदेशी वायूला आणि खताला जात असेल, तर शेणखत, कडधान्य, तेलबिया यांना हमीभावाने उचलायला पैसा नाही, हे कसे ऐकून घ्यायचे?

आणि रेशन! 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्य. जानेवारी 2023 पासून ते फुकट, आणि जानेवारी 2024 पासून पुढे पाच वर्षे. चांगले आहे, गरिबाला त्याचा आधार आहे, त्याची टिंगल करणाऱ्या पोटभरूंना आम्ही उभे करत नाही. पण ते मिळते कोणाला? महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबात यायला वर्षाचे उत्पन्न शहरात 59,000 आणि खेड्यात 44,000 रुपयांच्या आत असे ठरवलेले. 59,000 म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत! ज्या कामगाराला सरकारचेच किमान वेतन मिळते तो सरकारच्याच रेशनमधून बाद. एका खात्याचा कागद सांगतो, याहून कमी पगारात माणूस जगूच शकत नाही. दुसऱ्या खात्याचा कागद सांगतो, एवढा पगार असलेल्याला धान्य कशाला? त्यातून राज्याचा कोटा सात कोटी माणसांचा. तो 2011 च्या जनगणनेवर बेतलेला, आणि पुढची 2021 ची जनगणना त्या साली झालीच नाही. मधल्या काळात जन्मलेली पोरे हवा खाऊन मोठी झाली असावीत.

आमच्या मागण्या डोंगराएवढ्या नाहीत. रेशनची उत्पन्नमर्यादा किमान वेतनाच्या वर न्या, म्हणजे कामावरचा कोणताही कामगार बाद होणार नाही. धान्याबरोबर डाळ आणि गोडेतेल रेशनवर द्या. विशेष भत्ता सहा महिन्यांनी नव्हे, दर तिमाहीला द्या, आणि मीटरवर काम करणाऱ्यालाही द्या. पहिल्या शंभर युनिटांवर इंधन समायोजन आकार लावू नका. मच्छीमार सोसायटीला घाऊक कारखानदाराच्या रांगेतून काढा. आणि कोकणात विजेचा किंवा तेलाचा कोणताही मोठा करार सही होण्याआधी, भावाच्या कलमासकट, मराठीत छापून विधानसभेपुढे आणि ग्रामसभेपुढे ठेवा. एन्रॉनच्या वेळी लोकांना हे कलम कळले तेव्हा बिल आले होते.

पुढच्या रविवारी गेटसभा नाही, हिशेबाची सभा आहे. प्रत्येकाने तीन कागद बरोबर आणायचे: जानेवारीपासूनची विजेची बिले, त्याच महिन्यांची पगारपत्रके, आणि शिधापत्रिका. ज्याच्या मालकाने पगारपत्रकच दिले नाही, त्याने रिकाम्या हाताने यावे, त्याचे नाव वेगळ्या वहीत लिहायचे आहे. घरातल्या बाईला जरूर आणा. गॅसची टाकी कोणत्या महिन्यात कितीला घेतली, हे तुम्हाला आठवणार नाही, तिला आठवेल.